पिल्लाच्या तोंडात चामखिळी आल्या तर: कोल्हापुरातल्या नव्या श्वानपालकांसाठी

आमचा राजा आठ महिन्यांचा असताना, श्रावण लागण्याच्या सुमारास, त्याच्या खालच्या ओठाच्या आतल्या कडेला मला एक पांढुरका कण दिसला. दुपारी त्याने दहीभात खाल्ला होता, म्हणून भाताचे शीत चिकटले असेल असे समजून मी ते बोटाने पुसायला गेले. पण ते निघेना, कारण ते ओठातूनच उगवलेले होते. पुढच्या दहा दिवसांत तशा आणखी पाच-सहा पुटकुळ्या आल्या, आणि पहिली जी होती तिला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे बारीक दाणे फुटले. त्या दहा दिवसांत मी त्याला रोज संध्याकाळी शेजारच्या पिल्लाबरोबर खेळायला सोडत राहिले, आणि महिन्याभराने त्या पिल्लाच्याही ओठावर तसेच पांढरे ठिपके दिसू लागले. ही माझी चूक होती, आणि ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हा लेख लिहिते आहे.

हा आजार नेमका काय आहे

कुत्र्यांच्या तोंडातल्या या चामखिळी पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे येतात. हा विषाणू कुत्र्यांच्याच जातीपुरता आहे. तो माणसाला, मांजराला किंवा गोठ्यातल्या जनावराला लागत नाही. करवीर, कागल, शिरोळ या तालुक्यांत ज्यांच्या दारात गाई-म्हशी आहेत त्यांनी वासरांच्या मानेवर किंवा गाईच्या सडांवर आलेल्या चामखिळी पाहिलेल्या असतात. त्याही पॅपिलोमाच्याच कुळातल्या विषाणूंमुळे येतात, पण तो प्रकार वेगळा, त्यामुळे गोठ्यातून कुत्र्याच्या तोंडात हा आजार येत नाही. घरात लहान मूल असेल आणि ते पिल्लाला बिलगत असेल, तर चामखिळीच्या भीतीने त्याला दूर ठेवण्याची गरज नाही; हात साबणाने धुण्याची सवय मात्र एरवीही हवीच.

विषाणू अखंड त्वचेतून आत शिरत नाही, त्याला बारीक ओरखडा लागतो. दात येण्याच्या आणि बदलण्याच्या वयात पिल्ले हाताला लागेल ते चावतात, चपलेचा अंगठा कुरतडतात, एकमेकांचे ओठ धरून ओढतात, आणि आपल्याकडे रविवारी मटण झाले की हाडही त्यांच्याच वाट्याला येते. हाडाच्या कडेने हिरडीला जो ओरखडा पडतो तो आपल्याला दिसतही नाही, पण विषाणूला तेवढी वाट पुरते. आत गेल्यावर तो त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत बसतो आणि त्या पेशी वर सरकतील तसा वाढतो. रक्तात तो उतरत नाही, सूजही फारशी येऊ देत नाही, म्हणून शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला त्याचा सुगावा लागायला बरेच दिवस जातात. संसर्गापासून पहिला ठिपका दिसेपर्यंत साधारणपणे एक ते दोन महिने जातात. राजाच्या बाबतीत मी मागे मोजत गेले तेव्हा जूनअखेरची ती सकाळ आठवली, पावसाने उघडीप दिली होती आणि रंकाळ्याच्या काठावर तो एका लॅब्राडोर पिल्लाबरोबर एकच दोरी दोन टोकांनी ओढत होता.

बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आतले असतात, कारण त्यांच्या शरीराची या विषाणूशी ओळख झालेली नसते. ही ओळख एकदा पटली की संरक्षक पेशी चामखिळीत शिरतात आणि ती सुकू लागते. 1932 साली अमेरिकेत डी-मॉनब्रून आणि गुडपाश्चर या संशोधकांनी या आजारावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की बरे झालेल्या कुत्र्यांना तोच संसर्ग पुन्हा होत नाही. दिसायला कितीही किळसवाणे वाटले तरी निरोगी पिल्लाच्या बाबतीत हे दुखणे बहुधा आपले आपण जाते, आणि पालकाचे मुख्य काम ते कापून काढणे हे नसून त्याच्यावर नजर ठेवणे आणि ते इतरांपर्यंत जाऊ न देणे हे आहे.

पहिली पायरी: तोंड उघडण्यापूर्वी विचार करावा

ही पायरी मी मुद्दाम सर्वांत आधी ठेवली आहे. लाळ गळणे आणि खाताना त्रास होणे ही लक्षणे मोठ्या चामखिळींमुळेही होतात आणि रेबीजमध्येही होतात. पिल्लाला रेबीजची लस झालेली नसेल, गेल्या काही महिन्यांत त्याला अनोळखी कुत्रा चावलेला असेल, किंवा त्याचे वागणे अचानक बदलले असेल, म्हणजे ते विनाकारण अंगावर येत असेल, अंधारात दडून बसत असेल, त्याचा खालचा जबडा लोंबत असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर त्याच्या तोंडात हात अजिबात घालू नये. त्याला एका खोलीत बंद करून पशुवैद्यांना फोन करावा. अशा कुत्र्याचा दात लागला किंवा त्याची लाळ आपल्या जखमेला लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सीपीआरमध्ये (कोल्हापुरातले मोठे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चटणी किंवा चुना जखमेवर दाबण्यात वेळ घालवू नये.

दुसरी पायरी: तोंड पाहणे आणि नोंद ठेवणे

लसीकरण झालेले, नेहमीसारखे खेळणारे पिल्लू असेल तर सकाळच्या उजेडात, त्याचे खाणे झाल्यावर, दाराशी बसून तोंड पाहावे. घरातल्या एकाने पिल्लाच्या छातीवरून हात फिरवत त्याला शांत धरावे आणि दुसऱ्याने जबडा न उघडता आधी एका बाजूचा वरचा ओठ वर उचलावा, मग खालचा ओठ बाहेर वळवावा. बहुतेक चामखिळी इथेच, ओठांच्या आतल्या कडेला, गालफडाच्या आत आणि हिरड्यांवर दिसतात. त्यानंतर जमल्यास तोंड हलकेच उघडून जीभ, जिभेखालची जागा आणि टाळू मोबाईलच्या टॉर्चने पाहावी. सुरुवातीची चामखीळ गुळगुळीत, पांढरट किंवा गुलाबी असते. जुनी झाली की ती खडबडीत होते आणि काही वेळा देठावर डोलते.

याच वेळी हिरड्यांचा रंगही पाहून घ्यावा. निरोगी हिरडी गुलाबी असते, आणि बोटाने दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या फिक्या असतील, त्यांवर लाल-जांभळे ठिपके असतील किंवा चामखिळीला धक्का न लागताही रक्त येत असेल, तर गोचीड ताप असण्याची शक्यता असते. गोचिडांमुळे येणारे हे ताप आपल्या भागात पावसाळ्याच्या आगेमागे फार दिसतात, आणि त्यांनी अशक्त झालेल्या पिल्लाच्या चामखिळीही जास्त दिवस रेंगाळू शकतात. म्हणून कानांच्या मागे, पंजांच्या बोटांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड आहेत का हेही पाहावे.

मी दर रविवारी सकाळी एकाच ठिकाणी बसून राजाच्या दोन्ही बाजूंच्या ओठांचे फोटो काढत असे आणि वहीत आकडा लिहीत असे. पहिल्या रविवारी 6, दुसऱ्या रविवारी 14, चौथ्या रविवारी 31 हे आकडे पाहून माझा धीर सुटत चालला होता. पुढे डॉक्टर मॅडमनी तीच वही मागून घेतली आणि वाढीचा वेग पाहूनच कापायचे की थांबायचे ते ठरवले. घरात रोज पाहणाऱ्या माणसाला बदल कळत नाही, म्हणून हे फोटो फार उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: एकदा तरी पशुवैद्यांना दाखवणे

इंटरनेटवर फोटो जुळवून घरीच निदान करू नये. तोंडातली प्रत्येक गाठ चामखीळ नसते, आणि आपल्याकडे त्याला एक खास कारण आहे. मोकाट कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणाऱ्या गाठींचा एक आजार बराच आढळतो. त्यात विषाणू नसतो, तर गाठीतल्या जिवंत पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाऊन रुजतात. हुंगण्या-चाटण्यातून ही गाठ तोंडात किंवा नाकातही होते. ती लालसर, ठिसूळ आणि हात लावताच रक्त येणारी असते. आपोआप जाईल म्हणून तिची वाट पाहत बसणे चुकीचे आहे, कारण तिला आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शने द्यावी लागतात, आणि त्यांनी बहुतेक कुत्री बरी होतात. याशिवाय हिरडीची साधी वाढ, दातांत अडकलेली काडी किंवा हाडाचा तुकडा, आणि वयस्क कुत्र्यात तोंडाचा कर्करोग, या शक्यताही अनुभवी डोळ्यांनीच वगळाव्या लागतात.

कुत्रा तीन वर्षांपेक्षा मोठा असेल, गाठ एकच असून वेगाने वाढत असेल, तिचा रंग काळा असेल, तिच्यावर जखम पडली असेल, तिच्याजवळचा दात हलत असेल किंवा जबडा एका बाजूने सुजला असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावे. अशा वेळी डॉक्टर गाठीचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासायला पाठवतात. लहान पिल्लात अनेक ठिकाणी फ्लॉवरसारख्या गाठी असतील तर नुसत्या पाहण्यावरूनही निदान बहुधा पक्के होते.

दवाखान्यात जाताना लसीकरणाचे कार्ड, फोटो आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव बरोबर न्यावे. खाज, ॲलर्जी किंवा त्वचेच्या आजारासाठी पिल्लाला स्टेरॉइड चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण त्याने शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि चामखिळी हटत नाहीत. मात्र ते मनानेच बंदही करू नये. आपल्या पिल्लाचा आजार संसर्गजन्य आहे हे आधी फोनवर कळवावे आणि नंबर येईपर्यंत त्याला बाकावरच्या इतर पिल्लांजवळ न बसवता गाडीतच किंवा दवाखान्याबाहेर थांबवावे.

चौथी पायरी: वेगळे ठेवणे

माझ्या मते सगळ्या उपचारांत हीच पायरी महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच लोक टाळतात, कारण पिल्लू मजेत असते, उड्या मारत असते, आणि त्याला घरात ठेवणे जिवावर येते. संसर्ग थेट तोंडाला तोंड लागून होतो, तसाच एकाच भांड्यातून, चेंडूतून, दोरीतून आणि अंथरुणातूनही होतो. म्हणून शेवटची चामखीळ गळून पडेपर्यंत पिल्लाला इतर कुत्र्यांच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नये. फिरायला न्यायला हरकत नाही, पण पट्टा आखूड धरावा, आणि इतर लोक आपापली कुत्री घेऊन येतात ती वेळ टाळावी. राजाला मी दोन महिने पहाटे साडेपाचला शिवाजी विद्यापीठाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याने नेत असे. समोरून कोणी कुत्रा घेऊन आले तर हात वर करून सांगत असे की याच्या तोंडात लागणाऱ्या चामखिळी आहेत, जवळ आणू नका. कोणीही वाईट मानले नाही.

कुत्र्यांचे पार्लर, बोर्डिंग आणि प्रशिक्षणाचे वर्ग या काळात बंद ठेवावेत. बोर्डिंगमध्ये ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर आजार लपवू नये. घरात दुसरा कुत्रा असेल आणि तो मोठा, निरोगी असेल तर त्याला लागण्याची शक्यता कमी असते. दुसरे पिल्लू असेल तर मात्र चामखीळ दिसण्याआधीच त्याला संसर्ग झालेला असू शकतो. तरीही भांडी, अंथरूण आणि खेळणी वेगळी करावीत.

कोल्हापुरात अनेक गल्ल्यांमध्ये भटक्या जनावरांसाठी सिमेंटची किंवा मातीची पाण्याची भांडी ठेवलेली असतात. ही फार चांगली रीत आहे, पण आपले आजारी पिल्लू त्या भांड्याला तोंड लावणार नाही याची काळजी घ्यावी, कारण गल्लीतल्या पिल्लांना दवाखान्यात नेणारे कोणी नसते. फिरताना स्वतःची बाटली आणि वाटी जवळ ठेवावी.

भांडी आणि जागेची स्वच्छता

हातावर लावायच्या सॅनिटायझरवर विसंबू नये. या विषाणूला बाहेरून चरबीचे वेष्टन नसते, त्यामुळे अल्कोहोलला तो सहज दाद देत नाही. स्टीलची भांडी रोज साबणाने घासून उकळत्या पाण्यात घालावीत. फरशी आणि प्लास्टिकच्या वस्तूंसाठी घरगुती ब्लीच वापरता येते: एक लिटर पाण्यात साधारण 30 मिलीलिटर मिसळून ते आधी साबणाने धुतलेल्या जागेवर लावावे, दहा मिनिटे ठेवावे आणि मग भरपूर पाण्याने धुऊन, वाळल्यावरच पिल्लाला तिथे सोडावे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. काळे फिनेल पिल्लाच्या जागेत वापरू नये. ते त्याच्या पंजांना लागते, आणि पंजे चाटल्यावर पोटात जाते. चावून चिंध्या झालेली दोरी आणि मऊ खेळणी सरळ टाकून द्यावीत.

पाचवी पायरी: खाणे सुसह्य करणे

चामखिळी थोड्या असतील तर पिल्लू नेहमीसारखे खाते. जास्त असतील तर ते घास तोंडातून टाकते, एका बाजूने चावते किंवा भांड्याजवळ जाऊन मागे फिरते. अशा वेळी सर्व खाणे मऊ आणि कोमट द्यावे: मऊ शिजवलेला भात, हाड पूर्ण काढून उकडलेली कोंबडी, पाण्यात भिजवून कुस्करलेली भाकरी, किंवा नेहमीचे कोरडे खाद्य कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून. हाडे, कडक बिस्किटे आणि चघळायच्या काड्या पूर्ण बंद कराव्यात, कारण त्यांनी चामखीळ फाटते आणि नवे ओरखडे पडून विषाणूला आणखी जागा मिळते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला भात प्रेमाने वाढणारी आजी प्रत्येक घरात असते. तिला हात जोडून सांगावे लागेल की कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात आणि तिखटाने त्याचे तोंड पोळते.

खाल्ल्यावर स्वच्छ पाणी प्यायला द्यावे. तोंडाला घाण वास येऊ लागला, लाळेत रक्त किंवा पू दिसला, तर चामखिळीवर जंतूंचा दुसरा संसर्ग झाला आहे असे समजून पुन्हा दाखवावे. तोंड धुण्याचे औषध डॉक्टर सांगतील तेच वापरावे. माणसांच्या माउथवॉशमध्ये आणि शुगर-फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल असू शकते, आणि ते कुत्र्यासाठी विषच आहे.

औषधे आणि शस्त्रक्रिया

बहुतेक पिल्लांना औषध लागत नाही. चामखिळी सहसा एक ते दोन महिन्यांत सुकतात, काहींना तीन ते पाच महिनेही लागतात. त्या फार असतील तर काही पशुवैद्य अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दहा दिवस देतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याचा चांगला उपयोग दिसला होता, परंतु त्या चाचणीत कुत्री 17च होती. म्हणून ते द्यायचे की नाही आणि किती, हे डॉक्टरांवर सोडावे; मेडिकलमधून परस्पर आणू नये.

गिळायला किंवा श्वास घ्यायला अडचण होत असेल, दात मिटताना चामखीळ सतत चावली जाऊन रक्त येत असेल, किंवा तीन महिन्यांनंतरही वाढ थांबत नसेल, तर भूल देऊन त्या काढतात. कापून, विजेच्या उपकरणाने जाळून किंवा द्रव नायट्रोजनने गोठवून, अशा पद्धती आहेत. विषाणू जोमात असताना, म्हणजे अगदी सुरुवातीला कापले तर जखमेतून तो पुन्हा रुजू शकतो, म्हणून निकड नसेल तर थांबणेच बरे. आम्हाला ओळखीच्या एकाने पहिल्याच आठवड्यात सगळ्या कापून घेण्याचा आग्रह केला होता. तो न मानल्याचे मला समाधान आहे.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. माणसाच्या चामखिळीवर लावतात तसा चुना, बिब्बा किंवा ॲसिडचे औषध पिल्लाच्या तोंडात कदापि लावू नये. बिब्ब्याने मोठ्या माणसाची कातडीही भाजते, मग ओठाच्या आतल्या नाजूक आवरणाचे काय होईल? त्यातून पिल्लू ते चाटून गिळते ते वेगळेच. चामखिळीला केस किंवा दोरा बांधणे, नखाने खुडणे हेही करू नये. थुजाच्या होमिओपॅथिक गोळ्या दिल्या आणि महिन्यात सगळे गेले असे सांगणारे अनेक जण भेटतात. ते खोटे बोलत नसतात, पण काही न देताही ते त्याच महिन्यात गेले असते. वेदनेसाठी घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नये. माणसांना चालणारी ही औषधे कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड आणि जठर बिघडवतात.

या विषाणूविरुद्ध कुत्र्यांसाठी बाजारात सहज मिळणारी लस नाही. तरीही इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1995 साली कुत्र्यांच्या याच तोंडातल्या विषाणूच्या बाह्य आवरणातले प्रथिन टोचून चामखिळी पूर्णपणे रोखता येतात असे दाखवले गेले, आणि त्याच तत्त्वावर पुढे स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस तयार झाली.

बरे होण्याची चिन्हे आणि पुन्हा खेळायला सोडणे

चामखीळ जायला लागली की आधी तिचा गुलाबीपणा जातो, ती करडी किंवा काळपट दिसू लागते, आक्रसते, आणि एखाद्या दिवशी जागेवर नसतेच. पिल्लाने ती गिळलेली असते आणि त्याने काही होत नाही. राजाच्या एकतीसपैकी अकरा चामखिळी गणपतीच्या आठवड्यात गेल्या आणि घटस्थापनेपर्यंत टाळूवरची एकच उरली. ओठांवर डाग राहिले नाहीत.

शेवटची चामखीळ गेल्यावर मी आणखी दोन आठवडे थांबले, दोन रविवारी टॉर्चने टाळू आणि जिभेखालची जागा पुन्हा तपासली, जुने अंथरूण टाकून नवे आणले आणि मगच त्याला शेजारच्या पिल्लाकडे नेले. ते पिल्लू तोवर माझ्याच चुकीने आलेल्या चामखिळींतून अर्धे बरे झाले होते. राजाला आता त्याच्यापासून धोका नव्हता, परंतु अंगणात येणाऱ्या तिसऱ्या एखाद्या पिल्लाला होता, म्हणून दोघांना आम्ही आणखी महिनाभर फाटक लावूनच खेळवले.